रोजच्या लिखाणाचं पेन: चार प्रश्न आणि एक छोटी ‘ट्रायल’

आजचा विषय अगदी खिशातला आहे. शर्टाच्या डाव्या खिशातला.

‘साहेब, रोज लिहायला चांगलं पेन कुठलं?’ हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. विचारणाऱ्याला एका कंपनीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही, उलट चार प्रश्न विचारतो. तुम्ही कुठल्या लिपीत लिहिता? कुठे राहता? लिहिलेलं किती वर्षं टिकायला हवं? आणि तुमचा हात कसा आहे?

लष्करात बूट असो की तंबू, नुसत्या माहितीपत्रकावर विसंबून घेत नाहीत. आधी वाळवंटात, पहाडात, दमट हवेत वापरून बघतात. त्याला ‘युजर ट्रायल’ म्हणतात. दहा रुपयांच्या पेनालाही तोच न्याय लावायला हरकत नाही. ते दिवसातून दहा वेळा हातात येतं आणि आपली सहीही तेच करतं.

आधी जाती ओळखू

दुकानात शंभर पेनं दिसली तरी मूळ जाती चारच: बॉलपेन, जेल, रोलरबॉल आणि शाईचं पेन.

बॉलपेनाची गोष्ट सुरू होते हंगेरीत. लास्लो बिरो हा पत्रकार होता. छापखान्याची शाई झटकन वाळते, हे त्याने पाहिलं होतं. पण ती इतकी घट्ट, की निबमधून उतरेना. मग त्याने टोकाला फिरता गोळा बसवला. रसायनांची जाण असलेला त्याचा भाऊ शाईच्या कामात सोबत होता. १९३८ साली बिरोने पेटंट घेतलं आणि युद्धाच्या धामधुमीत तो अर्जेंटिनाला गेला. तिथे बॉलपेनाला आजही ‘बिरोमे’ म्हणतात आणि त्याचा जन्मदिवस, २९ सप्टेंबर, संशोधक दिन म्हणून पाळतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ही पेनं वापरली, कारण उंचीवर शाईची पेनं गळत आणि ही गळत नसत. १९५० मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बिकने पारदर्शक प्लास्टिकचं स्वस्त ‘बिक क्रिस्टल’ आणलं आणि बॉलपेन सर्वसामान्यांचं झालं.

बॉलपेनाची शाई तेलकट आणि दाट असते. टोकाचा गोळा बहुधा टंगस्टन कार्बाइडचा, म्हणजे अतिशय कठीण. कागदावर दाबल्यावर तो फिरतो, मागची शाई घेतो आणि कागदावर ठेवतो. गोळा आणि त्याची खोबणी यांच्यातली फट केसाहूनही कितीतरी बारीक असते. ती जास्त झाली तर शाई ओघळते, कमी झाली तर गोळा अडतो. हे टोक बनवणं किती अवघड आहे याचा एक पुरावा देतो. जगात सर्वाधिक पेनं बनवणारा चीन या टोकासाठी लागणारं खास पोलाद वर्षानुवर्षं बाहेरून आणत होता. त्यांच्या पंतप्रधानांनी याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली होती. तिथल्या ताइयुआनच्या पोलाद कारखान्याला हे जमल्याची बातमी थेट २०१७ च्या सुरुवातीला आली.

जेल हा जपानचा शोध. ओसाकाच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये ते बाजारात आणलं. ही शाई पाण्यावर आधारलेली, पण नळीत मुरंब्यासारखी घट्ट असते. गोळा फिरला की ती पातळ होते आणि कागदावर बसली की पुन्हा घट्ट. म्हणून रंग गडद उमटतो आणि दाब कमी लागतो. रिफिलमध्ये शाईच्या मागे एक पारदर्शक चिकट थर दिसतो. तो शाई वाळू देत नाही आणि मागून गळू देत नाही. भिंतीला कागद लावून जेलने लिहू नका. टोक वर राहिलं की गोळ्यापाशी हवा शिरते आणि शाईचा धागा तुटतो. निम्मी रिफिल भरलेली असताना पेन ‘मेलं’ असं आपण म्हणतो, ते बरेचदा यामुळे.

रोलरबॉलमध्ये गोळा असतो, पण शाई पाण्यासारखी पातळ असते. पायलटचं व्ही फाइव्ह आठवा. चालतं लोण्यासारखं, पण पातळ कागदाच्या पाठीमागे उमटतं.

शाईच्या पेनात तर गोळाच नाही. निबमध्ये एक चीर असते आणि निबखाली खाचांची काळी जीभ. दिव्याची वात तेल ओढते त्याच तत्त्वाने शाई उतरते. हाताने दाबावं लागत नाही, टेकवलं की पुरे. हा मुद्दा लक्षात ठेवा, हाताच्या दुखण्याबद्दल बोलताना तो पुन्हा येणार आहे.

पहिला प्रश्न: लिपी

पेनांची बहुतेक परीक्षणं इंग्रजी लिहून केलेली असतात. आपली लिपी पेनाकडे वेगळं काम मागते. इंग्रजीच्या जोडलेल्या अक्षरांत पेन फारसं उचलावं लागत नाही. देवनागरीत अक्षर, काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, मग वरची रेघ. दर शब्दाला पाच-सात वेळा पेन उचलतो आणि टेकवतो. आपल्या पूर्वजांनी भरभर लिहायला मोडी वापरली. त्यात पानभर रेघ आधीच आखून घेत आणि हात न उचलता लिहीत. आपण बाळबोध लिहितो, त्यामुळे पेन टेकवताक्षणी शाई उमटली पाहिजे.

उशिरा सुरू होणारं पेन मराठीचा घात करतं. अनुस्वार म्हणजे नुसता एक ठिपका. तो उमटलाच नाही तर ‘आंबा’चा ‘आबा’ होतो आणि ‘रंग’ची ‘रग’. दुकानात आपण कागदावर गिरगिट्या काढून पेन बघतो. त्यात गोळा सतत फिरत असतो, म्हणून कुठलंही पेन पास होतं. त्याऐवजी एका ओळीत वीस सुटे ठिपके द्या. किती उमटले ते मोजा. अठराच्या खाली आले तर पेन परत ठेवा.

दुसरी गोष्ट जाडीची. रिफिलवर ०.५, ०.७ किंवा १.० लिहिलेलं असतं. तो मिलिमीटरमध्ये गोळ्याचा व्यास असतो. रेघ त्याहून बारीक उमटते. शिवाय एकाच ०.७ मध्ये जेलची रेघ बॉलपेनापेक्षा जाड आणि गडद दिसते. ‘उच्छ्वास’, ‘द्वंद्व’, ‘कर्तृत्व’ हे शब्द वहीच्या एका ओळीत मावेल एवढ्या आकारात लिहा. जोडाक्षराच्या पोटातली पांढरी जागा बुजली तर टोक जाड आहे. माझा अनुभव असा, की वहीच्या अरुंद ओळींत मराठी लिहायला जेल ०.५ आणि बॉलपेन ०.७ सोयीचं पडतं. मोठं अक्षर काढणाऱ्यांनी १.० चं बॉलपेन घ्यावं, त्याने हात सैल राहतो.

शाईच्या पेनात ‘फाइन’ शब्दाने फसू नका. जपानी कंपन्यांचं फाइन हे युरोपीय फाइनपेक्षा सहसा बारीक असतं.

दुसरा प्रश्न: हवा

आपले श्रोते बडोद्यापासून बंगळुरूपर्यंत आणि इंदूरपासून दिल्लीपर्यंत पसरलेले आहेत. एकच पेन सगळीकडे सारखं वागत नाही.

कोकणात, गोव्यात, चेन्नईत पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पितो. मग पातळ शाई पसरते आणि अक्षराला पिसं फुटतात. तिथे त्या चार महिन्यांत बॉलपेन किंवा बारीक जेल बरं. उलट राजस्थानात किंवा नागपूरच्या मे महिन्यात टोपण काढून फोनवर दोन मिनिटं बोललात की निब कोरडी. तिथे शाईच्या पेनाचं टोपण घट्ट आणि हवाबंद बसणारं हवं.

थंडीत बॉलपेनाची तेलकट शाई आणखी घट्ट होते. उंचावरच्या ठाण्यांवर आम्ही पेन बाहेरच्या जाकिटात ठेवत नसू. आतल्या शर्टाच्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचं. आणि नोंदवहीसोबत एक पेन्सिल कायम. पेन्सिलीला ना थंडी बाधते, ना उंची, ना पाणी. अमरनाथ, लेह, गुरुडोंगमार अशा सहलींना जाणाऱ्यांनी हे एवढं जरूर करावं.

विमानात शाईचं पेन न्यायचं तर ते पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या आणि निब वर ठेवा. केबिनमधला दाब कमी झाला की पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. हवाच कमी असेल तर ढकलणार काय? ड्रॉपरने भरायची पेनं शाई संपत आली की ठिबकतात, त्याचंही कारण हेच. तिथे हाताची ऊब हवा फुगवते. पाव पेन शाई उरली की भरून टाका, गळती थांबेल.

तिसरा प्रश्न: किती वर्षं टिकायला हवं?

किराण्याची यादी संध्याकाळपर्यंत टिकली तरी पुरे. मृत्युपत्र तुमच्यानंतर वाचलं जाणार आहे. दोन्हींना एकच पेन चालत नाही.

मी महूला राहतो. इथे एका पावसाळ्यात छतातून झिरपलेलं पाणी माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत गेलं. ट्रंकेत माझ्या आईची पत्रं होती, मी फील्ड पोस्टिंगला असताना ‘मार्फत ५६ एपीओ’ या पत्त्यावर आलेली. आई घरात जे पेन सापडेल त्याने लिहायची. बॉलपेनाने लिहिलेली पत्रं वाळवल्यावर जशीच्या तशी वाचता आली. निळ्या शाईने लिहिलेल्या पत्रांवर फक्त फिकट आकाशी डाग राहिले. तारीखसुद्धा उरली नाही. तेव्हापासून शाईच्या दौतीवर ‘वॉशेबल’ हा शब्द आहे का, ते मी आधी बघतो. शाळेच्या गणवेशावर डाग पडू नये म्हणून तो गुण आहे. पत्रासाठी तोच दोष.

आता त्यामागचं कारण. शाईचा रंग दोन प्रकारांनी येतो. एक, पाण्यात विरघळणारा रंग. दुसरा, न विरघळणारी बारीक भुकटी, म्हणजे पिगमेंट, जी कागदाच्या तंतूंत अडकून बसते. पिगमेंटची शाई पाण्याला आणि उन्हाला जास्त दाद देत नाही. चांगल्या जेलमध्ये आणि युनि-बॉलसारख्या काही रोलरबॉलमध्ये ती असते. पण सगळ्याच जेलमध्ये नसते. जुनी निळी-काळी शाई हा तिसरा प्रकार. त्यात लोहाचे क्षार आणि टॅनिन असे. लिहिताना फिकट, मग हवेने काळी पडे आणि कागदात मुरे. जुने दस्तऐवज तिच्यामुळे आजही वाचता येतात. आज बाटलीवर ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिलेली प्रत्येक शाई मात्र तशी नसते.

बॉलपेनाची शाई पाण्याने जात नाही, पण स्पिरिटसारख्या द्रवाने जाऊ शकते. चेकवर खाडाखोड करणारे त्याचाच फायदा घेतात. म्हणून चेक आणि करारपत्रासाठी गडद पिगमेंट जेल उत्तम. महत्त्वाच्या कागदासाठीच्या शाईला आंतरराष्ट्रीय मानकंही आहेत. बॉलपेनाला आयएसओ १२७५७-२, रोलरबॉलला १४१४५-२ आणि जेलला २७६६८-२. रिफिलवर यातला क्रमांक छापलेला दिसला तर निर्धास्त घ्या.

एका पेनापासून मात्र सावध राहा. खोडता येणाऱ्या शाईचं पेन मिळतं, घासल्यावर अक्षर नाहीसं होतं. ते रबराने खोडलं जात नाही. घासण्याच्या उष्णतेने, साठ अंशांच्या पुढे, शाईचा रंग उडतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा इस्त्रीखाली अख्खं पान कोरं होऊ शकतं. गंमत म्हणजे उणे दहा-वीस अंशांत तेच अक्षर परत येतं. लडाखच्या हिवाळ्यात तुमचा खोडलेला हिशोब पुन्हा हजर! नातवाच्या गणिताच्या वहीसाठी ते छान आहे. चेक, मृत्युपत्र, पेन्शनचे कागद यांच्या जवळपासही ते येऊ देऊ नका. आणि बँकेत कोणी सही करायला त्याचं पेन पुढे केलं, तर हसून आपलं काढा.

आपल्याकडे मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. स्वतःच्या हाताने साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ते करता येतं. म्हणजे सारा भार त्या कागदावर आणि त्या शाईवर येतो. घरावरून भावंडांत वाद व्हायचा की नाही, हे कधी कधी एका रिफिलवर ठरू शकतं.

चौथा प्रश्न: हात

साठीनंतर बोटं कुरकुरतात. बँकेतली सही पूर्वीच्या नमुन्याशी जुळत नाही आणि आपणच आपण आहोत हे पटवत बसावं लागतं. यात वयाचा वाटा आहे, पण पेनाचाही आहे. बारीक, गुळगुळीत, सडपातळ पेन धरायला बोटं आवळावी लागतात. त्यात जुनं बॉलपेन असेल तर दाबही द्यावा लागतो. आवळणं आणि दाबणं दोन्ही मिळून हात थकतो.

उपाय दोन. पेन थोडं जाड घ्या, आणि कमी दाबावर चालणारी शाई घ्या. जेल, शाईचं पेन, किंवा नव्या प्रकारची पातळ तेलकट शाई असलेलं बॉलपेन. जपानी जेटस्ट्रीम या प्रकारातलं आहे. आपल्याकडच्या कंपन्याही ‘लो व्हिस्कॉसिटी’ लिहून अशी पेनं विकतात. दाब मोजायची सोपी युक्ती सांगतो. वहीचं पान लिहा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं बोटाला लागली तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबता आहात. लहान मुलांच्या वह्याही अशा तपासा. ‘हात दुखतो’ ही त्यांची तक्रार नेहमीच बहाणा नसते.

पेनाचं वजन फार नको. धातूचं जड पेन भेट द्यायला छान, चार पानं लिहायला नाही.

आपल्या देशातली पेनं

शाईच्या पेनाकडे वळायचं असेल तर परदेशी वस्तूच घ्यावी लागते असं नाही. आंध्रातल्या राजमहेंद्रवरमला के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या प्रेरणेने स्वदेशी पेन बनवायला घेतलं. वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते ते गांधीजींपर्यंत पोहोचलं आणि १९३५ मध्ये गांधीजींनी पेन आवडल्याचं पत्र त्यांना पाठवलं. त्या गावात आजही पेनं बनतात. तामिळनाडूत तिरुवल्लूरला रंगा पेनं हाताने कातली जातात. ही पेनं बहुधा एबोनाइटची असतात, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. ते वजनाला हलकं आणि हाताला उबदार लागतं. घामाने निसटत नाही. उन्हात ठेवलं तर मात्र त्याचा काळा रंग तपकिरी होतो.

शाईचंही तसंच. कोलकात्याची सुलेखा १९३४ मध्ये स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिली. मुंबईत दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि गोळ्या बनवून धंदा सुरू केला, त्यातून आपल्या सर्वांच्या दप्तरातलं कॅमल आलं. बंगळुरूची ब्रिल आहे. या शाया स्वस्त आहेत आणि पेनाला मानवतात. शाईच्या पेनात चित्रकलेची ‘इंडियन इंक’ कधीही घालू नका. ती आत वाळली की पेन गेलं.

आता तुमची ट्रायल

घरात असलेली पाच-सहा पेनं गोळा करा. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकाने हे करा.

एक, टोपण काढून तीन मिनिटं थांबा आणि मग वीस ठिपके द्या. दोन, एका दमात वितीएवढी शिरोरेषा ओढा, मध्ये तुटते का पाहा. तीन, वरची तीन जोडाक्षरं लहान आकारात लिहा. चार, लिहिल्यावर पाच मोजून बोट फिरवा, डावखुऱ्यांनी तर नक्कीच. पाच, दहा मिनिटं सलग मराठी लिहा, आणि हात कुठे दुखतो ते नोंदवा. शेवटी कागद एक दिवस वाळू द्या, मधून फाडा, एका तुकड्यावर पाण्याचे थेंब टाका आणि दुसरा महिनाभर उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवा. प्रत्येक ओळीपुढे पेनाचं नाव लिहायला विसरू नका, आणि ते पेन्सिलीने लिहा.

एवढं केल्यावर तुम्हाला माझ्या शिफारशीची गरज राहणार नाही. बहुतेक घरांना तीन पेनं पुरतात. खिशात आणि फोनशेजारी एक बॉलपेन. कागदपत्रांच्या फाइलमध्ये एक काळं किंवा गडद निळं पिगमेंट जेल, त्यावर चिठ्ठी लावून, म्हणजे कोणी उचलणार नाही. आणि रोज पानभर लिहिण्यासाठी हाताला आवडणारं एक. रिफिल बदलता येणारी घ्या, म्हणजे कचरा कमी होईल. खरेदीआधी त्या गावात रिफिल मिळते का, ते विचारून घ्या. रसद नसेल तर चांगलं हत्यारही निकामी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना एक विनंती. मुलं मराठी बोलतात, पण लिहायची वेळ फोनवर रोमन अक्षरांत येते. त्यांना टोकावर ताबडतोब उमटणारं, हात न दुखवणारं एक पेन द्या आणि आजीला चार ओळी लिहायला सांगा. अनुस्वार नीट उमटले, की लिहायची गोडी लागते. आणि शाई जरा टिकाऊ बघा. ती पत्रं कोणीतरी ट्रंकेत ठेवणार आहे.

पुढच्या भागात कागदाबद्दल बोलू: जीएसएम म्हणजे काय, आणि महाग वही नेहमी चांगली का नसते. तोवर तुमच्या ट्रायलचे निकाल जरूर कळवा.

जय हिंद.